उसातल्या मादीचा सूड: पटकथेला हात घालण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वाळवा तालुक्यातल्या एका गावात ऊसतोड चालू असताना फड पेटवतात, बिबट्याच्या मादीची दोन पिल्लं त्यात होरपळून मरतात. मग ती मादी फडाचा मालक, मुकादम, टोळीतली माणसं अशी एकेकाला हेरून मारत सुटते. यावर तुम्हाला दोन तासांचा थरारपट करायचा आहे. प्राणी खरंच सूड घेतात का, आणि घेत नसतील तर हे प्रेक्षकाला पटेल असं कसं दाखवायचं, हे तुम्ही विचारलंय.

मी वनखात्यात ३२ वर्षं काढली. ढेबेवाडीकडं वनरक्षक म्हणून लागलो आणि कराड, पाटण, शिराळा करत वनक्षेत्रपाल म्हणून निवृत्त झालो. बिबट्याच्या पायी किती रात्री जागलो त्याचा हिशोब नाही. लिहिणाऱ्या मंडळींना माहिती सांगायलाही याआधी दोन-तीनदा बसलोय, त्यामुळं तुम्हाला नेमकं काय लागतं याची थोडी कल्पना आहे.

बिबट्या तुम्ही लिहिलाय तसा सूड घेत नाही. माणसाचा चेहरा लक्षात ठेवायचा, त्याचं घर शोधायचं, मग त्याच्या भावाचं शोधायचं, हे त्याच्या स्वभावात नाही. पण तुमच्या कथेतली एक गोष्ट शंभर टक्के खरी आहे. ती परत येते. पिल्लं गेली की मादी त्या जागेवर परत येतेच, एक रात्र, दोन रात्री, कधी तीन. तिचं हे परत येणं गावाला सुडासारखं दिसतं. तुमचा सिनेमा मला तिथं दिसतो.

माझ्या हातून झालेल्या एका चुकीची हकिगत सांगतो, म्हणजे काय म्हणतोय ते कळेल.

कृष्णाकाठचं गाव, जानेवारी महिना. बीडकडची टोळी फडात उतरलेली. सकाळी दहाच्या सुमारास एका बाईच्या कोयत्यासमोर पाचटात तीन पिल्लं निघाली. डोळे नुकते उघडलेले, निळसर, अंगावर अजून धड ठिपकेही दिसत नव्हते. पोरांना वाटलं मनीची पिल्लं, त्यांनी उचलली. मी पोचेपर्यंत साडेअकरा वाजले. बांधावर दोनशे माणूस जमलेला, पिल्लं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पोत्यावर ठेवलेली, आणि जो तो हातात घेऊन फोटो काढत होता. निदान चाळीस जणांनी तरी पिल्लं हाताळली असतील.

अशा वेळी काय करायचं हे ठरलेलं आहे. पिल्लं डॉक्टरांकडून तपासून घ्यायची आणि त्याच दिवशी अंधार पडायच्या आत जिथं सापडली तिथंच परत ठेवायची. पण माणसं हटेनात. संध्याकाळीही बॅटऱ्या घेऊन पोरं फडात फिरत होती. पिल्लांना काही होईल या भीतीनं मी ती गाडीत घालून नेली आणि ठरवलं, उद्या बघू. ती माझी चूक. जी रात्र त्या मादीला द्यायची, ती मी माझ्याकडं ठेवून घेतली.

त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रपाळीची होती. शेजारच्या रानात एक शेतकरी गव्हाला पाणी पाजत होता. रात्री एकच्या पुढं वाकून खोऱ्यानं दारं मोडत असताना उभ्या उसाच्या कडेला त्याला खसखस ऐकू आली. तो बॅटरी मारत ताडकन उठला, आणि त्याच क्षणी ती अंगावर आली. खांद्यावर एकच पंजा, आणि निघून गेली. अकरा टाके पडले. जीव वाचला.

सकाळी गावात एकच वाक्य होतं. "तिनं डूख धरलाय." कारण हा गडी फडाच्या मालकाचा चुलतभाऊ, आणि आदल्या दिवशी पिल्लू हातात घेतलेला त्याचा फोटो घरोघरच्या मोबाईलवर. ज्यानं पिल्लाला हात लावला त्यालाच तिनं धरलं, याहून मोठा पुरावा गावाला कशाला पाहिजे? मुकादम माझ्यापुढं हात जोडून उभा राहिला. "सायेब, आता आमची पाळी. आमच्याच कोयत्यानं तिची पिल्लं काढली. आम्हाला गावाला जाऊ द्या."

मी ठशांवरून चालायला लागलो. तोडलेल्या फडातली भुसभुशीत माती आणि भिजलेले बांध, त्यामुळं रात्र अगदी छापल्यासारखी दिसत होती. पिल्लं सापडली त्या जागेला तिनं तीन फेऱ्या मारल्या होत्या. तिथून बांध धरून टोळीच्या खोप्यांकडं गेली. खोप्यांना दार म्हणजे पोत्याचा पडदा. आत बायकापोरं झोपलेली, बाहेर खुंटीला दोन शेळ्या, आणि टोळीचं कुत्रं रात्रभर आत घुसून केकाटत होतं. ठसे त्या पोत्याच्या पडद्यापासून पंधरा-वीस पावलांवरून सरळ पुढं गेलेले. वेग बदललेला नाही, दबा धरलेला नाही, कुठं वळण नाही. गेली ती थेट दुपारी ट्रॉली उभी होती तिथं. ट्रॉली संध्याकाळीच कारखान्याला गेली होती. मोकळ्या जागेत ती इतका वेळ घुटमळली होती की ठशावर ठसा पडून माती कालवल्यासारखी झाली होती. तिथून परत फडात, आणि फडातून गव्हाकडं.

म्हणजे ज्यांच्या कोयत्यानं तिची पिल्लं उघड्यावर आली ती माणसं वीस पावलांवर निर्धास्त झोपलेली असताना तिनं त्यांच्याकडं मानही वळवली नव्हती. पिल्लं हाताळणारे चाळीस जण, त्यातले एकोणचाळीस त्या रात्री घरात सुखरूप झोपले. रात्री एक वाजता उसाला लागून, अंधारात, एकटा आणि वाकलेला असा सगळ्या शिवारात एकच माणूस होता. वाकलेला किंवा बसलेला माणूस बिबट्याला माणसासारखा दिसत नाही, त्याच्या भक्ष्याएवढा दिसतो. आणि तो अचानक उभा राहिला, प्रकाश डोळ्यांत मारला, तेव्हा ती पाच-सहा हातांवर होती.

दुसऱ्या दिवशी भाजीचा एक प्लास्टिकचा क्रेट घेतला. आत त्याच फडातलं पाचट, त्यावर तीन पिल्लं, वर अलगद झाकण. सापडलेल्या जागेवर ठेवला आणि समोर खुंटीला कॅमेरा बांधला. लोकांना घरात थांबवायचं काम सरपंचांनी केलं. आणि तो जखमी गडी, हात गळ्यात अडकवलेला, स्वतः वस्तीवर फिरून दिवे बंद करायला सांगत होता. मला म्हणाला, "माझं लेकरू हरवलं असतं तर मी तरी गप बसलो असतो व्हय?"

आम्ही लांब जीपमध्ये काचा वर करून बसलो. आठला दहा मिनिटं कमी असताना टिटवी ओरडली. नंतर पाहिलं तर कॅमेऱ्यात ती त्याच वेळी आली होती. आली आणि बसली. क्रेटपासून दहा-बारा हातांवर जवळजवळ पाव तास नुसती बसून होती. मग लांबून एक फेरी, जवळून एक फेरी, पंजानं झाकण उडवलं, पहिल्याला मानेला धरून उसात गेली. पस्तीस मिनिटांनी दुसऱ्याला नेलं. तिसऱ्याला मात्र येईना. बारा वाजले, दोन वाजले. थंडीनं जीपच्या काचा आतून पाणावल्या. क्रेटमधलं पिल्लू अधूनमधून ओरडायचं आणि थांबायचं. ते थांबलं की आमच्या पोटात गोळा यायचा. तीन वाजून वीस मिनिटांनी ती आली.

टोळी नंतर तीन आठवडे त्याच शिवारात राहिली. कुणाला काही झालं नाही.

आता तुमच्या कथेकडं येतो. तुम्ही प्रेक्षकाला पहिल्यापासून मादीच्या बाजूनं नेताय, ती चिडलीय, ती बेत करतेय. त्यापेक्षा मध्यंतरापर्यंत फक्त गाव जे बघतं तेवढंच दाखवा. पहिला जखमी होतो, तो फडमालकाचा चुलतभाऊ. दुसरा सापडतो, तो ट्रॉलीचा ड्रायव्हर. प्रेक्षक आपोआप दोरा ओवेल. आणि हा दोरा तुम्हाला ओढूनताणून जुळवावा लागणार नाही, कारण आपल्या गावात कुणीही कुणाचा तरी चुलतभाऊ, वाटेकरी किंवा मेव्हणा असतोच. मध्यंतराच्या सुमारास कुणीतरी बसून ठसे वाचायला लागतं आणि त्याला दिसतं की ती माणसांच्या मागं नव्हतीच. इकडं गावानं बंदुका काढलेल्या असतात. थरार कमी होईल अशी भीती बाळगू नका. ती जीवघेणी आहेच, पोर अंगणात एकटं असेल तर आहेच. भीती तिथून निघत नाही, फक्त तिचं कारण बदलतं.

"प्राण्यांना स्मरणशक्ती असते, मग सूड का नाही?" असं तुम्ही पुढं विचाराल, म्हणून तेही सांगून टाकतो. स्मरणशक्ती असते, आणि आपल्याला वाटते त्याहून जास्त असते. केनियातल्या अंबोसेलीचे हत्ती भाले बाळगणाऱ्या मसाई लोकांचा आवाज आणि शेती करणाऱ्या कांबा लोकांचा आवाज वेगळा ओळखतात आणि मसाई पुरुषाच्या आवाजाला जास्त घाबरून एकत्र होतात, हे तिथल्या अभ्यासात दिसलंय. अमेरिकेत सिएटलला संशोधकांनी विशिष्ट मुखवटा घालून कावळे पकडले. पुढं कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की कावळे कालवा करत, आणि ज्यांना कधी पकडलंच नव्हतं तेही त्यात सामील होत. पण धोका ओळखणं आणि त्याची शिक्षा द्यायला निघणं यांत मोठं अंतर आहे. ओळखणारा प्राणी बहुतेक वेळा पळतो.

तुमच्या बाजूनं बोलणारी एक गोष्ट मात्र आहे आणि ती मी लपवणार नाही. डिसेंबर १९९७ मध्ये रशियाच्या अतिपूर्वेकडच्या प्रिमोरये भागात एका शिकाऱ्यानं जखमी केलेला वाघ त्या शिकाऱ्याच्या लाकडी झोपडीपाशी गेला, त्याच्या वासाच्या वस्तू चावून फाडल्या, तिथंच तळ देऊन बसला आणि माणूस परत आल्यावर त्याला मारलं. तपास करणाऱ्या अनुभवी माणसांनाही हे नेहमीच्या हल्ल्यासारखं वाटलं नाही. त्याला सूड म्हणायचं का, हे मी ठरवत नाही. एवढं मात्र नक्की की तो वाघ जखमी होता, त्याला जखमेशी जोडलेला एक वास माहीत होता, आणि तो त्या एका वासापाशी थांबला. मादीनं गावातली माणसं यादी करून मारावीत याला त्या घटनेचाही आधार मिळत नाही.

उलट बाजूला चंपावतची वाघीण आहे. ४३६ माणसांचे बळी तिच्या नावावर सांगतात. १९०७ मध्ये जिम कॉर्बेटनं तिला मारलं तेव्हा तिच्या उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा सुळा मोडलेले निघाले, जुन्या गोळीमुळं. गोळी माणसाची, म्हणून सूड, असा सरळ हिशोब कुणीही मांडेल. पण मोडक्या सुळ्यांनी सांबर धरता येत नाही, माणूस धरता येतो. कारण भुकेचं होतं. तुमच्या सिनेमात अशा एका दातावर कॅमेरा थांबला तर दहा संवादांचं काम होईल.

आपल्याकडची अगदी अलीकडची गोष्ट घ्या. डिसेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावात वानरं कुत्र्याची पिल्लं उचलून झाडावर, घरांवर नेत होती, आणि तिथं ती पडून किंवा उपाशी मरत. बातमी आली की कुत्र्यांनी वानराचं पिल्लू मारलं म्हणून वानरांनी अडीचशे कुत्री मारून सूड घेतला. जगभर गेली ती बातमी. वनखात्यानं दोन वानरं पकडून नेली आणि प्रकार थांबला. सगळ्या टोळीनं सूड उगवायचं ठरवलं असतं तर दोघांना नेऊन तो थांबला नसता. आकडा आणि सूड दोन्ही माणसांनी घातलेले.

आणि हे आपण घालतो, कारण ते आपल्या बोलण्यातच मुरलेलं आहे. "डूख धरला" हे आपण भावकीतल्या माणसाबद्दल म्हणतो, पण शब्द नागाचा आहे. बत्तीस शिराळ्यात नोकरी करताना मी हे रोज ऐकलं. नाग मारला तर नागीण येते, मारणाऱ्याचा फोटो तिच्या डोळ्यांत उतरतो, हे शिकलेली माणसंही सांगत. साप मेल्यावर त्याच्या शेपटीकडच्या ग्रंथींचा वास तिथं राहतो आणि त्या वासावर दुसरा साप येऊ शकतो, एवढंच त्यातलं खरं. पण त्याच शिराळ्यानं नागाला भाऊ मानून घरात आणलेलंही मी पाहिलं. न्यायालयाच्या आदेशानं जिवंत नागांच्या मिरवणुका थांबल्या तेव्हा गाव मनापासून दुखावलं होतं. भीती आणि माया एकाच घरात असतात, आणि तुमच्या गावातही दोन्ही दिसल्या पाहिजेत. तुमच्या मसुद्यात सगळं गाव नुसतं भेकड किंवा नुसतं क्रूर आहे. असं गाव मी ३२ वर्षांत पाहिलं नाही.

सिनेमाचा परिणाम काय होतो हेही लिहिणाऱ्यानं डोळ्यांपुढं ठेवावं, असं मला कळकळीनं वाटतं. १९७५ मध्ये 'जॉज' आला. ज्यांच्या १९७४ च्या कादंबरीवर तो होता त्या पीटर बेंचली यांनी पुढचं आयुष्य शार्क वाचवा हे सांगण्यात घालवलं, कारण लोकांच्या मनात शार्क म्हणजे माणसावर टपलेला वैरी असं बसलं होतं. १९७७ मध्ये जोडीदारासाठी सूड घेणाऱ्या ऑर्का माशावर, खरं तर तो मासा नव्हे सस्तन प्राणी, चित्रपट आला. खुल्या समुद्रातल्या ऑर्कानं माणूस मारल्याची एकही खात्रीची नोंद नाही. शार्क आणि ऑर्का तरी समुद्रात आहेत. बिबट्या आपल्या परड्यामागं आहे. तुमचा सिनेमा ज्या गावात पडद्यावर लागेल त्याच गावाच्या उसात दुसऱ्या दिवशी पिल्लं सापडतील. तेव्हा लोकांनी ती परत ठेवू द्यायची की "मोठी होऊन सूड घेतील" म्हणून मारायची, हे थोडंफार तुमच्या शेवटच्या अर्ध्या तासावर ठरेल.

गावकरी तुमच्या सिनेमात "धरा आणि लांब नेऊन सोडा" म्हणतात आणि अधिकारी तसं करतात. प्रसंग ठेवा, पण त्याचं पुढं काय होतं तेही येऊ द्या. जुन्नर भागात बिबटे पकडून दुसरीकडं सोडायचा सपाटा लागला तेव्हा माणसांवरचे हल्ले घटले नाहीत. १९९३ ते २००१ या काळात वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, ते २००१ ते २००३ मध्ये वर्षाला १७ वर गेले. अनोळखी मुलखात टाकलेलं, पिंजऱ्यात दात-नखं दुखावलेलं, बिथरलेलं जनावर घराकडं निघतं किंवा आहे तिथं धुमाकूळ घालतं. तुम्हाला खलनायक हवा असेल तर असा बिबट्या आहे, ज्याला माणसांनी शंभर किलोमीटरवरून उचलून इथं टाकलंय आणि ज्याचं इथल्या कुणाशीच वैर नाही.

काही गोष्टी पडद्यावर हमखास चुकतात, त्या भराभर सांगतो. बिबट्या सिंहासारखी डरकाळी फोडत नाही. त्याचा आवाज लाकडावर करवत चालवल्यासारखा, खर्र-खर्र, आत-बाहेर. पिल्लांना बोलावणारी मादी तर अगदी बसक्या, पोटातून आल्यासारख्या आवाजात हाक देते, आणि ती हाक ऐकून माणसाच्या मानेवर काटा येतो. बेशुद्धीचं इंजेक्शन लागलं की जनावर धाडकन पडतं, हेही खोटं. झायलॅझिन आणि केटामाइन अंगात भिनायला दहा मिनिटं सहज जातात, आणि तोवर ते पळतं, उसात घुसतं. ती दहा मिनिटं म्हणजे माझ्या नोकरीतल्या सगळ्यात वाईट वेळा. इंजेक्शन लागलेला बिबट्या बारा फूट उसात कुठंतरी आहे, पडलाय की नाही माहीत नाही, आणि एकानं आत जायचंय. हा प्रसंग तुमच्या मसुद्यात नाही आणि तो असायलाच हवा.

ठसा दाखवाल तेव्हा नखं दाखवू नका. मांजरकुळातलं जनावर चालताना नखं आत घेतं. नखं उमटली असतील तर ते कुत्रं किंवा तरस. आपल्या भागात "वाघरू आलंय" म्हणून बोलावलं की कितीदा तरी तरसाचेच ठसे निघायचे. दिसला बिबट्या की घाला गोळी, हेही चालत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहे. माणसाच्या जिवाला धोका झालाय हे लेखी कारणांसह पटल्यावर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षकच परवानगी देतात, आणि ते बसतात नागपूरला. गाव रस्ता अडवून बसलंय आणि वनक्षेत्रपाल नागपूरच्या आदेशाची वाट बघतोय, हा ताण मी अनुभवलाय. सिनेमात अधिकारी एकतर मूर्ख असतो किंवा एकटा वीर असतो. खरा अधिकारी चार दिवस झोपलेला नसतो, त्याच्याकडं माणसं कमी असतात, आणि तो पिंजऱ्यात शेळी बांधताना त्या शेळीकडं बघत नाही.

खऱ्या शोधमोहिमा कल्पनेपेक्षा विचित्र असतात. यवतमाळच्या पांढरकवडा भागातल्या, नरभक्षक ठरवलेल्या टी-१ म्हणजे अवनी वाघिणीच्या मागं २०१८ मध्ये हत्ती आणले, कुत्री आणली, कॅमेऱ्यांजवळ कॅल्विन क्लाइनचं ऑब्सेशन नावाचं अत्तरही शिंपडलं, कारण त्या वासाला मोठी मांजरं थांबतात. २ नोव्हेंबर २०१८ ला तिला गोळी घातली. मागं तिचे दोन बछडे राहिले.

चित्रीकरणाचं: खरा बिबट्या वापरायचा विचारच सोडा. १९९८ च्या केंद्राच्या अधिसूचनेनं अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्याकडून खेळ किंवा अभिनय करून घेणं बंद झालंय. तुमच्याकडं संगणकावरचाच बिबट्या येणार आणि तुमचं बजेट तुम्ही सांगितलंय. त्यामुळं तो कमी दाखवा. हललेलं उसाचं वाढं, गप्प झालेले रातकिडे, टिटवी, दाव्याला हिसका देणारी गाय, एवढ्यावर अर्धा सिनेमा उभा राहतो. शेळी, कुत्रं, घोडा असं पाळीव जनावर कॅमेऱ्यापुढं आणायचं तरी भारतीय प्राणी कल्याण मंडळाची परवानगी आधी घ्या. नाहीतर सेन्सॉरला अडकाल.

फड पेटवायचा तुमचा पहिला प्रसंग खरा आहे. पाचट जाळून तोडणी सोपी करायची म्हणून फड पेटवतात, पिल्लांना पळता येत नाही, आणि ती जळतात. मी अशी पिल्लं हातात घेतली आहेत. तो प्रसंग ठेवायचा असेल तर त्यानंतरच्या तीन रात्री लिहा. ती येते, राखेत हुंगते, हाक देते, थांबते, पुन्हा हाक देते. तिसऱ्या रात्री येते आणि हाक देत नाही. मग ती तो फड सोडते. गाव मात्र तिची धास्ती सोडत नाही, पुढं महिनाभर बॅटऱ्या घेऊन जागतं.

पण सुरुवातीसाठी मी तुम्हाला आग न लावताच एक प्रसंग सुचवेन. फड कडेनं तोडत आणतात. ऊस जसजसा कमी होतो तसतसं आतलं सगळं मधे सरकतं. ससे, रानमांजर, घोणस, डुकरं. शेवटी मधोमध चार सऱ्या उरतात, बारा फूट उंच, चारी बाजूंनी उघड्या. टोळीतल्या जुन्या बायकांना हे माहीत असतं. त्या चार सऱ्यांपाशी आल्या की त्या बोलायच्या थांबतात. पोरांना ट्रॉलीवर चढवतात. सगळे कोयते थांबतात, वारा नसताना मधलं एक वाढं हलतं, आणि मुकादम म्हणतो, "हाणा गं, दुपार झाली."